खानोलकर आणि शेजार सोडणाऱ्या पेशी

१९४४ साली ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकी नियतकालिकाच्या चौथ्या खंडात दोन निबंध छापून आले. पहिला मुंबईहून गेलेला होता. तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा तो आढावा होता. लेखक होते परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्याच खंडात तीनशे पाने पुढे डेल कोमन या अमेरिकी संशोधकाचा चार-पाच पानांचा निबंध आहे. कोमन यांनी काचेच्या अतिसूक्ष्म सुया घेऊन एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी ओढून वेगळ्या केल्या आणि सुई किती वाकते यावरून लागलेला जोर मोजला. निरोगी अस्तरातल्या पेशी सहजी सुटेनात. त्याच प्रकारच्या अस्तरातून निघालेल्या कर्करोगाच्या पेशी मात्र बऱ्याच कमी जोराने अलग झाल्या.

एका निबंधात हजार माणसे आहेत, दुसऱ्यात दोन-दोन पेशींच्या जोड्या. माणसाच्या तोंडात तंबाखूची गोळी कुठे राहते, हा पहिल्याचा विषय. पेशी शेजारणीचा हात का सोडते, हा दुसऱ्याचा. घशाच्या आणि तोंडाच्या कर्करोगाबद्दल आज जे कळले आहे, त्यातले बरेचसे या दोन प्रश्नांच्या मधल्या वाटेवर सापडले आहे. खानोलकरांचे आयुष्य त्या वाटेच्या एका टोकाला सुरू झाले. त्यांनी उभी केलेली संस्था पुढे दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचली.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५चा. आडनावातले गाव वेंगुर्ले तालुक्यातले खानोली. वैद्यकीय शिक्षण लंडन विद्यापीठात झाले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्रात एम.डी. मिळाली. त्या काळी लंडनची एम.डी. घेऊन आलेल्या माणसाने मुंबईत दवाखाना थाटला असता तर पैसा आणि मान दोन्ही चालत आले असते. खानोलकरांनी निवडली ती शवविच्छेदनाची खोली आणि सूक्ष्मदर्शकाचे टेबल. आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि मग परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. रुग्ण ज्यांना कधी तोंडाने ओळखत नाही, असे डॉक्टर म्हणजे विकृतिशास्त्रज्ञ. गाठीचा काढलेला तुकडा त्यांच्याकडे येतो, त्याचे पातळ काप करून ते रंगवतात आणि कर्करोग आहे की नाही ते सांगतात. शल्यविशारदाचा चाकू चालायचा की थांबायचा, हे त्या कागदावर ठरते. आजही तसेच आहे.

सर दोराबजी टाटा ट्रस्टने बांधलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची आणि संशोधनाची सूत्रे खानोलकरांकडे आली. तेव्हा एक समज रूढ होता. कर्करोग हा श्रीमंत, पुढारलेल्या देशांचा रोग आहे, हिंदुस्थानात तो फारसा आढळत नाही, असे मानले जाई. रुग्णालयाची दारे उघडल्यावर हा समज टिकणे शक्य नव्हते. कापडगिरण्यांच्या चाळींतून, कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून माणसे येऊ लागली. कुणाच्या गालात आतून व्रण, कुणाची जीभ बाहेर निघत नाही, कुणाला थुंकीही गिळवत नाही, आणि बऱ्याच जणांच्या मानेत जबड्याखाली दगडासारखी टणक गाठ.

खानोलकरांनी या गर्दीकडे नुसते रोगी म्हणून पाहिले नाही. प्रत्येकाचा प्रांत, धर्म, जात, काम, खाणे, चघळणे, ओढणे यांची नोंद होऊ लागली आणि ती नोंद रोगाच्या नेमक्या जागेशी ताडून पाहिली जाऊ लागली. एकाच मुंबईत, एकाच हवेत राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांत कर्करोग वेगवेगळ्या ठिकाणी होतो, हे त्यातून दिसले. शहर एकच आणि हवा एकच असताना जागा बदलते, तेव्हा कारण रोजच्या सवयींत शोधायला हवे, असा हा सरळ तर्क होता. वाचायला साधा वाटतो, पण त्यासाठी हजार माणसांना तोच तो प्रश्न न कंटाळता विचारावा लागतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात ज्याने कधी काम केले आहे त्याला याची किंमत कळेल.

१९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासोबत त्यांनी आणखी एक निबंध लिहिला. विषय होता रूढीतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाचा जाडजूड विडा पेटते टोक तोंडात ठेवून ओढतात. तिथे कर्करोग टाळूला होतो, आणि टाळूचा कर्करोग इतरत्र तसा दुर्मीळ. बिहारकडे तंबाखू आणि चुना मळून केलेली खैनी खालच्या ओठामागच्या खोबणीत धरतात. तिथे रोग नेमका त्या खोबणीत उगवतो. तिसरा प्रकार तोंडाचा नव्हेच. कमरेला धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसून बांधल्याने तिथली कातडी काळवंडते, जाड होते, चिरते आणि काहींच्या बाबतीत पुढे तिथेच कर्करोग होतो. साडीच्या घट्ट गाठीखालीही असेच घडते, हे नंतर नोंदले गेले. चुट्टा, खैनी आणि धोतर यांत समान धागा एकच. अस्तराच्या एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे चाललेला जाच.

दहा वर्षांनी, १९५५ मध्ये, संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. या वेळी कर्करोगाच्या रुग्णांच्या शेजारी तुलनेसाठी कर्करोग नसलेली माणसेही घेतली होती. डॉल आणि हिल यांनी इंग्लंडमध्ये सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचे नाते मांडून जेमतेम पाच वर्षे झाली होती. मुंबईच्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांचा रोग मुख्यतः तोंडाच्या पोकळीत दिसला, बिडी ओढणाऱ्यांचा जिभेच्या मुळाशी आणि त्याखाली घशात. गोळी गालात राहते आणि धूर मागे घशाकडे जातो, हे ध्यानात घेतले की नकाशा आपोआप जुळतो. घशाच्या कर्करोगाला बिडी कारण, हे सांगणारा आपल्याकडचा पहिल्या फळीतला पुरावा हाच. सत्तर वर्षे होऊन गेली तरी बिडी सिगारेटपेक्षा सौम्य असते, अशी समजूत गावोगाव ऐकू येते.

आता सूक्ष्मदर्शकाकडे वळू. तोंडाचे आणि घशाचे अस्तर अनेक थरांचे असते, भिंतीत विटा रचाव्यात तसे. सर्वांत खालचा थर एका पातळ पडद्यावर बसलेला असतो. या पडद्याला आधारपटल म्हणू. त्याच्या पलीकडे रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या, स्नायू. घास गिळताना, बोलताना, खोकताना हे अस्तर दिवसातून हजारो वेळा घासले आणि ताणले जाते, तरी सुटत नाही. रंगवलेल्या कापात या पेशींच्या कडांना बारीक काट्यांसारखे दुवे दिसतात. म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांना काटेरी पेशी म्हणत. कर्करोग जसा बळावतो तसे हे काटे विरळ होतात, पेशींमध्ये फटी पडतात आणि टोकाच्या अवस्थेत एकेकटी पेशी किंवा चार-पाच पेशींचा पुंजका आधारपटल ओलांडून खाली उतरलेला दिसतो. त्या पिढीतल्या प्रत्येक विकृतिशास्त्रज्ञाने हे चित्र पाहिले होते. काटे कशाचे बनले आहेत आणि ते का विरघळतात, हे मात्र त्या सूक्ष्मदर्शकातून दिसण्यासारखे नव्हते.

त्यासाठी पेशी काचेच्या बशीत जिवंत वाढवता येणे आवश्यक होते. खानोलकरांची दूरदृष्टी इथे दिसते. पुण्यात जन्मलेल्या आणि शेतकी महाविद्यालयात वनस्पतींच्या गुणसूत्रांवर काम केलेल्या कमल रणदिवे त्यांच्याकडे संशोधनाला आल्या आणि १९४९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. खानोलकरांच्या प्रोत्साहनाने त्या अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकायला गेल्या. माणसाच्या कर्करोगाच्या पेशींचा पहिला अखंड वाढणारा वंश याच गाय यांनी तयार केला होता. परत येऊन रणदिवे यांनी परळला ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. जिथे ती उभारली ती भारतीय कर्करोग संशोधन केंद्र ही संस्था १९५२ मध्ये सुरू झाली होती आणि तिचे पहिले संचालक खानोलकर होते. वनस्पतिशास्त्रातून आलेल्या एका तरुण स्त्रीला त्या काळात कर्करोगाच्या प्रयोगशाळेत पूर्ण मोकळीक देणे ही साधी गोष्ट नव्हती. खानोलकरांच्या निबंधांइतकेच मोल या निवडीला दिले पाहिजे.

पुढची पदे आणि मानसन्मान थोडक्यात सांगता येतील. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद, राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक, पद्मभूषण, कर्करोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद, अणुकिरणांच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीत भारताचे प्रतिनिधित्व. कुष्ठरोगात मज्जातंतूंच्या आत काय घडते, यावरही त्यांनी मोलाचे काम केले. १९५८ मध्ये त्यांच्या संस्थेत कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जिवाणू वाढवण्यात आला आणि त्यावरून नंतर लसही तयार झाली. १९६६ मध्ये संशोधन केंद्र आणि रुग्णालय टाटा मेमोरियल सेंटर या एका छत्राखाली आले.

याच बाल्टिमोर शहरात, रणदिवे तिथून परतल्यावर बऱ्याच वर्षांनी, काट्यांच्या कोड्याची पहिली गाठ सुटली, तीही काहीशी अपघाताने. मासातोशी ताकेइची हे जपानी संशोधक काही काळ तिथे काम करत होते. पेशी एकमेकींपासून सोडवण्यासाठी ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य वापरतात. क्योटोत ज्या रीतीने सोडवलेल्या पेशी पुन्हा पटकन चिकटत, तशा बाल्टिमोरमध्ये चिकटेनात. फरक शोधता शोधता कळले की तिथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन मिसळलेले होते. म्हणजे पेशीच्या अंगावर चिकटण्यासाठी असे काहीतरी होते, ज्याला कॅल्शियमचे संरक्षण असेपर्यंत ट्रिप्सिन खाऊ शकत नव्हते. त्यावरचा निबंध १९७७ मध्ये आला. पुढल्या वर्षी, २९ ऑक्टोबर १९७८ रोजी खानोलकरांचे निधन झाले. त्या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव मिळाले ते त्यानंतर, १९८०च्या दशकात.

अस्तरांच्या पेशींत असते ते ई-कॅडहेरिन. त्याचे एक टोक पेशीबाहेर असते आणि शेजारच्या पेशीच्या तशाच टोकात अडकते. ही पकड ताठ राहायला कॅल्शियम लागते. दुसरे टोक पेशीच्या आत कॅटेनिन नावाच्या प्रथिनांमार्फत पेशीच्या सांगाड्याला बांधलेले असते. सूक्ष्मदर्शकात दिसणारे ते काटे म्हणजे डेस्मोसोम, कॅडहेरिनच्याच कुळातल्या प्रथिनांची अधिक मजबूत बटणे. आणि खालच्या आधारपटलाला पेशी धरून ठेवतात ती इंटिग्रिन नावाची प्रथिने. कॅडहेरिन शेजाऱ्याला धरते, इंटिग्रिन जमिनीला.

घशाच्या कर्करोगात ई-कॅडहेरिनचा जनुक सहसा तुटलेला नसतो. जठराच्या एका आनुवंशिक कर्करोगात तो तुटलेला सापडतो. घशात बहुधा जनुक शाबूत राहतो, पण त्याच्यावर कुलूप पडते. कधी रासायनिक खुणा त्याला गप्प करतात, कधी दुसरी प्रथिने. प्रयोगशाळेत तंबाखूच्या धुराचा अर्क पेशींवर टाकला तरी ई-कॅडहेरिन कमी होताना दिसते. पकड सुटली की कॅटेनिन मोकळे होते आणि त्यातले काही पेशीच्या केंद्रकात जाऊन वाढीचे हुकूम सोडू शकते. त्यामुळे शेजार सोडणे आणि बेफाम वाढणे यांची सांगड पडते. पेशी चौकोनी विटेचा आकार टाकून लांबट, फिरत्या पेशीसारखी होते, आधारपटल विरघळवणारी द्रव्ये सोडते आणि लसिकावाहिनीत शिरते. मानेतली ती दगडासारखी गाठ म्हणजे या प्रवासातला पहिला मुक्काम.

गोष्ट इतकी सरळही नाही, हेही सांगायला हवे. सगळ्या पेशी एकेकट्या निघत नाहीत. बऱ्याचदा पुंजकाच्या पुंजका हात न सोडता सरकत जातो, आणि मानेच्या गाठीत स्थिरावलेल्या काही पेशींत ई-कॅडहेरिन पुन्हा उगवलेले दिसते. चिकटपणा हवा तेव्हा सोडायचा आणि हवा तेव्हा धरायचा, ही लवचीकता त्यांना घातक बनवते. म्हणूनच ई-कॅडहेरिन परत आणणारे औषध अजून रुग्णाच्या हाती आलेले नाही. घशाच्या कर्करोगात नुसत्या या प्रथिनाच्या तपासणीवर उपचार ठरवण्याची रीतही नाही.

मग या ज्ञानाचा रुग्णाला उपयोग काय? पेशी हाताला गाठ लागण्याच्या कितीतरी आधी निघालेल्या असतात, हे कळले, हा एक उपयोग. टाटा मेमोरियलमध्येच त्याची परीक्षा झाली. तोंडाचा कर्करोग लहान आहे, मानेत गाठ हाताला लागत नाही, अशा रुग्णांच्या दोन गटांची तुलना केली गेली. एका गटात मूळ शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या लसिकाग्रंथी काढल्या, दुसऱ्यात गाठ दिसेपर्यंत थांबले. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. दर आठ रुग्णांमागे एक जीव, असा हा फरक. त्यानंतर जगभरच्या शल्यविशारदांनी आपली पद्धत त्याप्रमाणे ठरवली. गाठ अस्तरातून किती मिलिमीटर खोल उतरली आहे, हे मोजण्याला आता इतके महत्त्व आले आहे तेही याचमुळे.

हा अभ्यास तोंडाचा. घशात परिस्थिती आणखी अवघड, कारण आरशात काही दिसत नाही. स्वरयंत्राच्या पट्ट्यांवर कर्करोग झाला तर आवाज लवकर बसतो आणि निदान वेळेवर होऊ शकते. जिभेच्या मुळाशी किंवा अन्ननलिकेच्या तोंडाशी झाला तर आधी गिळताना एका बाजूला टोचते, कानात ठणकते, आणि माणूस कानाचे थेंब घालत बसतो. पुणे-सातारा रस्त्यावर कापूरहोळच्या फाट्यावरून भोरकडे वळणाऱ्या माणसाला, किंवा पहाटे चुलीपुढे मिश्री लावणाऱ्या त्याच्या आईला, मानेतली गाठ दुखत नाही म्हणून निर्धास्त राहावेसे वाटते. दुखत नसलेली, टणक, तीन आठवडे न जिरलेली गाठ आणि तितकेच दिवस बसलेला आवाज, या दोन्हींसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला हवे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मिश्री, बिडी आणि चुन्याची डबी या बंदीत येत नाहीत.

खानोलकरांच्या संशोधन केंद्राचा वारसा आज नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियलच्या प्रगत संशोधन केंद्रात आहे. तिथल्या संशोधकांनी डेस्मोसोममधल्या प्लॅकोफिलिन-३ या प्रथिनावर बरीच वर्षे काम केले. २००८ साली त्यांनी दाखवले की वाढवलेल्या पेशींतून हे एक प्रथिन कमी केले की पेशींची आपसातली पकड सैल होते, त्या अधिक फिरू लागतात आणि उंदरांमध्ये कर्करोग दूरवर पसरतो. काट्यांतला एक खिळा काढला तर भिंत कशी ढासळते, हे त्यामुळे प्रथिनाच्या नावानिशी सांगता आले. ही बटणे मुळात जुळतात कशी, ई-कॅडहेरिन त्यात काय करते, याचाही माग तिथेच काढला गेला. भारतातल्या गाल-हिरड्यांच्या कर्करोगाच्या जनुकांची छाननी झाली तेव्हा वारंवार बिघडलेल्या जनुकांत फॅट-१ हा निघाला, तोही कॅडहेरिनच्याच विस्तारित कुटुंबातला. खारघरच्या ज्या इमारतीत या प्रयोगशाळा आहेत, तिचे नाव खानोलकर शोधिका.